चाकांवरचं घर आणि वरदाचं अळू

तीन वर्षं वाट पाहिल्यावर इथे लंडनजवळ वॉटफर्डला मला अलॉटमेंट मिळाली, म्हणजे भाजी लावायला भाड्याचा जमिनीचा एक तुकडा. नियम एकच: जूनच्या पाहणीपर्यंत निम्म्या जमिनीत तरी पीक दिसलं पाहिजे. नाहीतर तुकडा पुढच्या माणसाला.

मी सगळं अक्षय्य तृतीयेला लावलं. माझ्या आईने जन्मभर त्याच दिवशी वेल लावले आणि तिची कारली कधी चुकली नाहीत. तिच्या परसात एप्रिलअखेरीस दव गोठत नव्हतं, एवढाच काय तो फरक. दोन दिवसांत भोपळा, कारली, दोडका, सगळे उकडल्यासारखे आडवे. पुन्हा लावलं ते गोगलगायींनी खाल्लं.

पाहणीच्या आदल्या दिवशी मी डोकं धरून बसले होते. समोर लेक, इथेच जन्मलेली तनू, जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, इतिहासाची उजळणी करत होती. विषय अमेरिकन वेस्ट.

"आई, हे लोक सेम तुझ्यासारखे," ती म्हणाली. "सरकार जमीन फुकट द्यायचा. बाहेरून आलेल्यांना पण, फक्त आम्ही इथलेच होणार असं सांगायचं. पाच वर्षं राहायचं, शेती करायचं, घर बांधायचं. मग जमीन तुझा."

"आणि आधी कुणाची होती?"

"तो आठ मार्कांचा प्रश्न आहे. उत्तर येतो मला. वाईट आहे."

"बरं, घर नाही बांधलं तर?"

"काही लोक चीट करायचे. चाकांवर एकच घर. आज याच्या जमिनीवर, उद्या शेजाऱ्याच्या. साक्षीदार शपथ घ्यायचे, हो, घर पाहिलं."

मी तिच्याकडे पाहिलं.

"नो, आई," ती म्हणाली. तोवर मी वरदाला फोन लावला होता.

ईलिंगची वरदा माझी जुनी मैत्रीण. तिच्या काचेच्या खोलीत कुंड्याकुंड्यांतून अळू आहे. हिवाळ्यात ती त्याला घोंगडी पांघरते. नवऱ्याला स्वतःची स्वतः घ्यावी लागते.

"उसनं देते," ती म्हणाली. "संध्याकाळी परत. एक पान मोडलंस तर बोलणार नाही तुझ्याशी."

शनिवारी सकाळी आम्ही तिघींनी कुंड्या काठापर्यंत मातीत पुरल्या. शेत असं दिसायला लागलं, की माझा मलाच अभिमान वाटला. अलॉटमेंटचे सेक्रेटरी ब्रायन आले, कौतुकाने वाकले आणि एका रोपाला जरा हात लावला. रोप कुंडीसकट वर आलं.

तनू बुटांकडे बघायला लागली. वरदा आभाळाकडे.

"कुंडी म्हणजे पीक नाही," ब्रायन शांतपणे म्हणाले. "उद्या सकाळी पुन्हा येतो. ही सगळी रोपं खरोखर जमिनीत असतील, तर जागा तुमची."

ते गेले. आम्ही दोघींनी वरदाकडे पाहिलं. ती एका पानावरची माती पुसत राहिली.

"राहू दे गं," मी म्हटलं. "घेऊन जा तुझं अळू. मी पुन्हा नंबर लावेन."

"गप्प बस. खुरपं दे," ती म्हणाली. "आणि थंडीआधी कंद काढून घरात घ्यायचे. घोंगडी मी आणीन."

"मग हे चीटिंग राहिलंच नाही," तनू जरा नाराजीनेच म्हणाली.

आता वरदा दर शनिवारी ट्रेनने येते. आधी अळूची चौकशी, मग माझी. परवा पहिली पानं काढली. मोठी तिने वड्यांसाठी नेली आणि देठ मला ठेवले.

"फदफद्यात घाल," म्हणाली. "जमीन तुझी आहे ना."