गाडी काढू नका

शनिवारची सकाळची शाळा होती, म्हणून मीनाने साडेसहालाच आकांक्षाच्या वेण्या घालायला घेतल्या. नवीन जालन्यात, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. गॅसवर डब्याची मेथीची भाजी शिजत होती. दुसरीतली आकांक्षा रिबिनीचं टोक दातात धरून तेराचा पाढा म्हणत होती आणि दर वेळी तेर सातीपाशी अडत होती.

मीनाचा नवरा कल्याण अंघोळ करून बाहेर आला. एका बियाणं कंपनीच्या गोदामावर तो सुपरवायझर होता. आरशात पाहत केस विंचरता विंचरता तो म्हणाला, "आज रात्री जायचंय. त्याचा फोन आल्ता."

कुठं, असं मीनाने विचारलं नाही. तिने दुसरी वेणी घातली, रिबीन बांधली आणि गॅस बंद केला.

तिला चौथा महिना लागला होता. आकांक्षानंतर दोनदा दिवस गेले होते. पहिल्या वेळी एका दवाखान्याच्या मागच्या दाराने नेलं होतं, दुसऱ्या वेळी परजिल्ह्यातल्या कुणाच्या तरी राहत्या घरात. दोन्ही वेळा परत येताना कल्याणने तिला उसाचा रस पाजला होता. पहिल्या वेळी ती आठ दिवस रडली. दुसऱ्या वेळी रडू आलं नाही. घरी येऊन तिने कुकर लावला आणि आकांक्षाचा गृहपाठ घेतला. तेव्हापासून तिचं असंच चाललं होतं. कुणी बस म्हटलं की बसायची, ऊठ म्हटलं की उठायची. शेजारणी म्हणायच्या, मीना फार शांत आहे.

दुपारी तिघंही गाडीने गावी गेले. तीर्थपुरीच्या अलीकडे आत वळलं की त्यांचं गाव. सासू गिरिजाबाई तयारच बसल्या होत्या. शेजारी सांगून झालं होतं की सगळे जांबला दर्शनाला चाललेत, आणि ते खोटंही नव्हतं. संध्याकाळी ते खरोखरच जांब समर्थला गेले. गिरिजाबाईंनी देवापुढे नारळ ठेवला, डोळे मिटून बराच वेळ उभ्या राहिल्या.

गिरिजाबाई दुष्ट होत्या असं कुणी म्हणणार नाही. सुनेला त्यांनी कधी उपाशी ठेवलं नाही, की तिच्यावर हात उचलला नाही. त्यांना स्वतःला आधी चार मुली झाल्या होत्या. चौथीच्या बारशाला घरातलं कुणी जेवलं नव्हतं, आणि नवऱ्याने, रखमाजींनी, दुसरी बायको पाहायला माणसं पाठवली होती. पाचवा कल्याण झाला म्हणून त्या या घरात राहिल्या. आपल्यावर आलं ते सुनेवर येऊ नये, असं त्यांना मनापासून वाटायचं. त्यावरचा उपाय त्यांना एवढा एकच ठाऊक होता.

जेवणं झाली. आकांक्षा आजोबांच्या शेजारी झोपली. अकराच्या सुमाराला कल्याण, गिरिजाबाई आणि मीना निघाले. फोन बंद ठेवायचे, सोबत चौथं माणूस आणायचं नाही, कालव्याच्या कडेच्या रस्त्याने यायचं आणि मोठ्या बाभळीपासून डावीकडे वळून पत्र्याच्या शेडपाशी थांबायचं, असा निरोप होता.

डिसेंबरची थंडी होती. गव्हासाठी कालव्याला पाणी सुटलं होतं, आणि कुठंतरी चारी फुटून ते रस्त्याच्या खोलगट भागात मुरलं होतं. अंधारात ते दिसलं नाही. शेड पन्नास पावलांवर असताना गाडीचं पुढचं डावं चाक काळ्या मातीत गेलं. कल्याणने जोर दिला तसं मागचंही गेलं.

"लाईट बंद करा आधी!" अंधारातून एक माणूस धावत आला. डोक्याला मफलर, पाठीवर शाळेच्या मुलांसारखं दप्तर. "गाडीचं नंतर बघा. जल्दी चला."

शेडमध्ये कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या आणि एक बाज होती. मीना बाजेवर पडली. माणसाने दप्तरातून मशीन काढलं आणि पोटावर गार काहीतरी लावलं. पडदा त्याने स्वतःकडे वळवून घेतला होता. मीना वर पत्र्याकडे पाहत राहिली. पत्र्याला खिळ्याची भोकं होती. आपल्याला भीती वाटत नाहीये हे तिच्या लक्षात आलं, पण त्याचंही तिला काही वाटलं नाही.

"परत तेच," माणूस म्हणाला.

"पोरगीच?" गिरिजाबाई म्हणाल्या आणि कडब्यावर टेकल्या. माणसाने खिशातून गोळ्यांची पट्टी काढून मीनाच्या हातात दिली. "पहिली आत्ता घ्या. बाकीच्या उद्या. रक्त जास्ती गेलं तर मला फोन करायचा न्हाई."

"भाऊ, गाडीला जरा हात लावा," कल्याण म्हणाला.

"मी थांबत नसतो कुठं." दप्तर पाठीवर टाकून त्याने मोटारसायकल चालू केली आणि दिवा न लावताच तो निघून गेला.

मग त्या ठिकाणी ती तिघं आणि ती गाडी उरली. कल्याणने कडब्याच्या पेंढ्या आणून चाकाखाली घातल्या. चाकं गरागरा फिरली, पेंढ्यांचा चिखल झाला आणि गाडी आणखी खाली बसली. कुणाला फोन करायचा म्हटलं तर इतक्या रात्री इथं कशाला आलो होतो, हे सांगायला हवं होतं. गिरिजाबाई मागून रेटत होत्या. सत्तरीला आलेल्या बाईच्या रेट्याने काय होणार? शेवटी त्या मीनाकडे वळल्या. ती बाजूला उभी होती, न फोडलेली पट्टी मुठीत धरून.

"मीना, ये. तूबी जोर लाव."

कल्याण खिडकीतून म्हणाला, "माय, तिला कशाला..."

"आता काय जपायचंय त्याला?" गिरिजाबाई म्हणाल्या. त्या रागाने बोलल्या नाहीत. घरातलं एखादं काम सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

मीना गाडीच्या मागे गेली. पट्टी कमरेला खोचली, दोन्ही तळवे थंड पत्र्यावर टेकले आणि जोर लावला. चिखल उडून तिच्या तोंडावर आला. तिने पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा जोर लावला.

"कोण है तिथं?"

बांधावरून बॅटरीचा उजेड आला. पलीकडच्या शेतातले रामकिसन आणि त्यांची बायको सोनूबाई गव्हाला पाणी देत होते. मोटारीला वीज रात्रीचीच मिळायची, म्हणून नवरा-बायको दोघंही रात्रभर शेतात. सोनूबाईंच्या हातात खोरं होतं. उजेड गाडीवरून फिरला आणि मीनाच्या पोटावर थांबला.

"पोटुशी है का ही?" सोनूबाई पुढे आल्या. "अन् हिला गाडी ढकलायला लावून राह्यलात? काय माणसं है का कोण?"

"जांबला गेल्तो दर्शनाला," कल्याण घाईने म्हणाला. "रस्ता चुकलो. मामा, ट्रॅक्टर मिळल का कुणाचा? लई उपकार होतील."

रामकिसननी चाकांकडे पाहिलं. "मिळल की. चुलतभावाचा है. पंधरा मिंटात घेऊन येतो."

सोनूबाईंनी मीनाला हाताला धरून बांधावर बसवलं, कळशीतलं पाणी दिलं. आपल्या अंगावरची चादर काढून तिच्या खांद्यावर टाकली.

"कितवा महिना?"

"चौथा."

"कितवं बाळ?"

"चौथं."

"तीन लेकरं है घरी?"

"एकच. मुलगी."

सोनूबाई थांबल्या. त्यांनी शेडकडे पाहिलं, मग मीनाकडे. पुढचं त्यांनी विचारलं नाही. मीना आपण होऊन म्हणाली, "दोन काढले." हे शब्द तिने आजवर कुणापुढे उच्चारले नव्हते, आईपुढेसुद्धा नाही. बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता काहीतरी होईल. काहीच झालं नाही. कालव्याचं पाणी वाहत होतं, लांब कुठंतरी मोटार चालू होती.

"इथं येतेत गाड्या," सोनूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "बायांना आणतेत, घेऊन जातेत. आम्हाला दिवे दिसतेत." मग मीनाच्या खांद्यावरची चादर सारखी करत म्हणाल्या, "माझं पोरगं चौतीसचं झालं. पोरगी मिळंना. गावात एकवीस पोरं तशीच है बिनलग्नाची. पोरी कुठं गेल्या, म्हणून विचारत फिरतो आम्ही."

रामकिसननी चाकांभोवतीचा चिखल खोऱ्याने ओढून पाहिला आणि आता ते बॅटरी घेऊन निघाले. चार पावलं गेले असतील, तेवढ्यात मीना उठून उभी राहिली.

"मामा, थांबा. गाडी काढू नका."

सगळ्यांनी वळून पाहिलं. संध्याकाळपासून ती घरच्यांसमोर आपण होऊन काही बोलली नव्हती.

"काय बोलून राह्यली तू?" कल्याण जवळ आला.

"गाडी राहू द्या इथंच. सकाळी लोकं पाहतील. कशाला आल्तो ते मी सांगते त्यांना."

"मीना, आधी गाडीत बस. घरी गेल्यावर बोलू."

"न्हाई."

"अगं, जेल होईल मला! आकांक्षाचा तरी विचार कर."

"तिचाच करून राह्यले." तिने कमरेची पट्टी काढून सोनूबाईंच्या हातात दिली. "मावशी, हे ठेवा तुमच्याजवळ. माझ्याकडं ठेवू नका. कुणी घे म्हणलं तर मी घेईन. मला सवय झाली है."

या शेवटच्या वाक्याने गिरिजाबाईंना रडू फुटलं. "मी वैरीण है का गं तुझी?" त्या म्हणाल्या. "माझ्यावर सवत आणायला निघाले होते, माहीत है का तुला?"

"माहीत है, आत्याबाई," मीना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "पण या वेळी न्हाई."

कल्याणने रामकिसनकडे पाहिलं. "मामा, तुम्ही चला. घरातला मामला है आमच्या."

रामकिसन बराच वेळ बॅटरी चालू-बंद करत राहिले. मग बांधावर टेकले. "ट्रॅक्टर बिघडलाय," ते म्हणाले. लगेच मान हलवून म्हणाले, "न्हाई, बिघडला न्हाई. खोटं कशाला बोलू? मी आणत न्हाई."

सोनूबाईंनी गावातल्या आशा कार्यकर्त्या सत्यशीला यांना फोन लावला. त्या आपल्या स्कूटीवर पहाटेच आल्या. त्यांनी आधी मीनाची नाडी पाहिली, मग तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना फोन केला. मधल्या वेळात कल्याण दोनदा चालत रस्त्यापर्यंत गेला आणि दोनदा परत आला. पळून जाता आलं असतं, पण गाडी त्याच्या नावावर होती आणि ती जागची हलत नव्हती.

आठ वाजता आरोग्य खात्याचं पथक आलं. त्यांनी रुतलेल्या चाकांचे फोटो काढले. शेडमध्ये बाजेखाली पोट पुसलेले कागद सापडले. अधिकारी बाईंनी मीनाला सांगितलं, "तुमच्यावर गुन्हा नाही. तुम्हाला बळजबरीने आणलं असंच कायदा धरतो." मीनाने मान डोलावली. जबाब लिहून घेताना तिने मागच्या दोन वेळांच्या जागाही सांगितल्या, महिने सांगितले, रस्ते सांगितले. लिहिणाऱ्याला वाटलं, बाई दुसऱ्याच कुणाची हकिगत सांगतेय.

दप्तरवाला नवव्या दिवशी मशीनसकट सापडला आणि पुढे जामिनावर सुटला. कल्याणलाही जामीन मिळाला, तो गावी राहू लागला. मीना आकांक्षाला घेऊन जालन्याच्या त्याच दोन खोल्यांत राहिली आणि एका बालवाडीत शिकवायला जाऊ लागली. तिच्या भावाने आधी महिनाभर फोन उचलला नाही, मग एका रविवारी ज्वारीचं पोतं घेऊन आला आणि न बोलता ठेवून गेला.

मे महिन्यात सरकारी दवाखान्यात मीनाला मुलगी झाली. अंगावर घेतली तेव्हा मीनाला आनंद झाला नाही, दुःखही झालं नाही. ती नुसती पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी रात्री बाळ भुकेने ओरडलं आणि मीना इतकी रडली की वॉर्डातल्या बायका उठून बसल्या. चार वर्षांचं रडणं होतं ते. नर्स धावत आली, तर शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "रडू द्या तिला."

खटला दीड वर्षाने उभा राहिला. सोनूबाई साक्षीला आल्या. नवं लुगडं नेसून, सकाळच्या एसटीने. आरोपीच्या वकिलाने त्यांना विचारलं, "त्या शेडकडे येणाऱ्या गाड्या तुम्ही किती दिवसांपासून पाहत होता?"

"तीन वर्षं."

"तीन वर्षांत पोलिसांना कळवलं? आरोग्य खात्याला? सरपंचाला?"

"न्हाई."

"म्हणजे तुम्हाला त्यात काही गैर वाटलं नव्हतं."

सोनूबाईंनी बाकांकडे पाहिलं. शेवटच्या बाकावर मीना मांडीवरच्या मुलीला थोपटत होती. पलीकडच्या बाकावर गिरिजाबाई खाली मान घालून बसल्या होत्या.

"वाटायचं," सोनूबाई म्हणाल्या. "रोज वाटायचं. मंग आम्ही बॅटरी बंद करून पाठ फिरवायचो. सांगायला पायजे होतं."

शेवटचे शब्द टंकलेखकाला नीट ऐकू आले नाहीत. त्याने मान वर करून पुन्हा विचारलं. सोनूबाईंनी ते पुन्हा सांगितले, या वेळी मोठ्याने.