बुचावरचा कीस

गिअरबॉक्समधलं ऑइल काढायच्या बुचाच्या टोकाला असलेल्या चुंबकावर राखाडी लेप होता, बोटानं निपटला की शाईसारखा पसरणारा... आणि त्यात कीस नव्हता. एवाल्डनं अंगठा खिडकीच्या उजेडात तिरपा धरला. एखादी तरी चमक, तुटलेल्या दाताचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा तरी. नव्हता. जुन्या, निरोगी गिअरबॉक्समधून निघावी तेवढीच झीज. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर उभं राहिलेल्या माणसाला लोखंड फसवत नाही, आणि आज पहिल्यांदाच त्याला वाटलं, फसवलं असतं तर बरं झालं असतं.

मोटरसायकल पस्तीस वर्षांची, लांबच्या प्रवासाची, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, मागे गुंडुलासाठी रुंद बैठक. ऑगस्टपासून दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना ती मधेच रिकामी पडायची — इंजिन नुसतं किंचाळायचं, चाकाला ओढ नाही. दोनदा तो एकटाच होता. तिसऱ्यांदा मोझेल नदीच्या खोऱ्यातून वर चढताना, ऐन वळणावर, मागे बायको आणि तिच्याही मागे ओंडक्यांनी भरलेला ट्रक. तो भोंगा अजून कानात आहे. गुंडुलानं त्याच्या कमरेभोवतीचे हात तेवढे आवळले होते, आणि घरी आल्यावर हेल्मेट काढता काढता म्हणाली होती, मार्चपर्यंत ही नीट झाली नाही तर मी बसायची नाही. नंबरपाटीवर मार्च ते ऑक्टोबर एवढेच महिने छापलेले, बाकीचे महिने गाडी रस्त्यावर आणायची नाही. यंदाचे त्यातले पाच दिवस उरले होते.

क्लचची तार ताणून झाली. पायाच्या दांड्याच्या सांध्यातली बुश बदलून झाली. ऑइल दोनदा बदललं. एक गोष्ट मात्र त्यानं कुणालाच सांगितली नव्हती — गिअर खाली दाबताना कधीच चुकत नाही. चुकतो तो वर उचलतानाच, डाव्या पायाच्या चवड्यानं उचलताना... डाव्या बुटाचं टोक घासलंय, उजव्याचं नाही. ते मी जूनमध्येच पाहिलं होतं. पाहिलं, आणि बूट कपाटात मागे सारले. थोरल्या भावाचा, हाइनफ्रीडचा, पाय असाच पडायचा बोळात — थप्, थप् — आणि जेवायला बसलेले आम्ही हसायचो, बदक आलं, म्हणायचो, आणि तोही हसायचा. दोन वर्षांत त्याच्या हातात चमचा राहीना.

त्यानं बूच घट्ट केलं, नवं ऑइल भरलं. तेवढ्यात लोथार आला. आल्प्सचे घाट दोघांनी तीस वर्षं बरोबर पालथे घातलेले.

“पुन्हा उघडलीस? अरे, एवढ्या वेळा तर डॉक्टरांनी मलाही उघडला नाही.” त्याच्या छातीवर टाक्यांची रेघ होती, ती तो उन्हाळ्यात सगळ्यांना दाखवायचा. मग हात पुढे करून म्हणाला, “दे किल्ली. मी चालवून बघतो.”

नको म्हणायचं होतं. पण नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

लोथार गेला. आवाज बेकरीवरून, चॅपेलवरून पुढे गेला आणि बीच झाडांच्या जंगलाकडच्या चढाला लागला. या गावात चढावरचं सगळं ऐकू येतं. पहिला. दुसरा. आता... तिसरा बसला. नीट बनवलेला खण आत सरकावा तसा. मग चौथा. वर जाऊन लोथार वळला, खाली आला, पुन्हा चढला; तीनदा. तिन्ही वेळा स्वच्छ. स्वयंपाकघराच्या दारात गुंडुला आलुबुखाराच्या केकचं ताट घेऊन उभी होती, आणि तिचंही तोंड चढाकडेच होतं. सव्वीस वर्षं मागे बसलेली बाई. गिअर तिला पाठीतून कळतात.

लोथार परत आला. हेल्मेटचा पट्टा सोडायला त्याला फार वेळ लागला.

“मलाही सटकला,” तो पेट्रोलच्या टाकीकडे बघत म्हणाला. “तिसऱ्यालाच. गिअरबॉक्स उघडावा लागणार. हिवाळाभर आपल्याला दुसरं काम काय आहे?”

मग गुंडुला म्हणाली की कॉफी निवतेय, आणि आत वळली.

एवाल्डला राग आला. यानं कधी पाहिलं? सप्टेंबरात पेट्रोल पंपावर मी अडखळलो तेव्हा? की त्याच्याही आधी, मागून येताना, प्रत्येक वळणावर? आणि तिनं? म्हणजे आता एक धडधाकट गिअरबॉक्स आम्ही तिघं मिळून सोडवणार, दातन्‌दात पुसून बेंचवर मांडणार, आणि मार्चमध्ये... “हो, उघडू,” तो म्हणाला. त्यातलं वाईट एवढंच, की म्हणताना बरं वाटलं.

गॅरेजमधून स्वयंपाकघरात जायला तीन पायऱ्या होत्या. केक म्हटलं की पुढे घुसणारा लोथार आज मागे थांबला, हातमोज्यांची उगाच घडी करत. एवाल्डनं उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला. मग त्यानं डाव्याकडे पाहिलं — चोरून नाही, बेंचवर काढून ठेवलेल्या भागाकडे पाहावं तसं — आणि उचलण्याआधी कान दिला, थप् वाजतो का.