पहिली गोळी देवाची

भिकन गोळी लागून गेला त्याला महिना झाला, तरी नरडाण्याजवळच्या आमच्या गावाचं तोंड काही बंद होईना. दसऱ्याच्या दिवशी ज्वारीत रानडुक्कर भिकनच्या अंगावर धावलं. थोरल्या भावानं, अभिमननं, त्याला वाचवायला रायफल झाडली आणि गोळी डुकराला सोडून भावालाच लागली. पोलिसांनी अपघात म्हणून प्रकरण मिटवलं. पण भावाभावांत वाटणीचा वाद होता ना! मग काय, लोकांना आयतंच मिळालं. भिकनची बायको प्रमिलाबाई तर थोरल्या दिराच्या सावलीलाही उभी राहत नव्हती.

मी पासष्टची लढाई करून आलेला हवालदार, म्हणून गावानं रायफल तपासायला मला बोलावलं. म्हटलं, काय ते एकदाचं बघून टाकू. साऱ्या गावासमोर नाल्याकाठी पुठ्ठा उभा केला; अभिमन एका बाजूला बसला होता. हात हलायला नको म्हणून अभिमनची तीच रायफल रेतीच्या गोणीवर टेकवली आणि पाच गोळ्या झाडल्या. पहिली वीतभर डावीकडे गेली. बाकीच्या चार मधोमध, एका रुपयाखाली झाकतील अशा.

"रायफल झकास शे!" गावातला जुना शिकारी उखर्डू ओरडला. "पहिली देवनी, ती मोजानी नही."

आमच्याकडचे शिकारी असंच मानतात. माझं डोकंच सणकलं. "अरे गाढवांनो, अभिमननं त्या दिवशी एकच गोळी झाडली. तीच पहिली!"

महिनाभर पडून गंजू नये म्हणून रायफलीच्या नळीत तेल घालून ठेवलं होतं. नळी कोरडी करून झाडली, तर पहिलीच मधोमध. तेल घालून झाडली, पुन्हा वीतभर डावीकडे. परत करून पाहिलं, तेच. म्हणजे दसऱ्यालाही शस्त्रपूजेत कुणीतरी नळीत तेल ओतलं असणार आणि ते पुसलंच नसणार. अभिमनचा हात चुकला नव्हता. मला तर आनंदानं ओरडावंसं वाटलं.

तेवढ्यात प्रमिलाबाई पुढे आली. चेहरा पांढराफटक. "छगनआबा, पूजा मीच करेल व्हती. तेल मीच टाकेल व्हतं."

मेलो मी! अभिमन उठला, पुठ्ठा उपटून टराटरा फाडला आणि सगळ्या गावादेखत म्हणाला, "आबा चुकनात. तेलनं काहीच नही. मन्हाच हात हालना."

गाव त्याला अजून भावाचा मारेकरी म्हणतं. खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडतो, तर तो हात जोडतो.