सिनेटरची हिवाळी हवेली

मॉरीनचं पत्र येऊन उन्हाळा सरला, तरी वेंडेल प्रॅदरने उत्तर धाडलं नव्हतं. बहिणीने विचारलं होतं एवढंच: "मी आता फ्लॅटमध्ये राहते. सिनेटरला कायमचा ठेवून घेतोस का? नसेल जमत तर फिनिक्सचं एक कुटुंब तयार आहे."

सिनेटर म्हणजे तिने वेंडेलच्या अंगणात आणून ठेवलेलं, मोठ्या प्रवासी बॅगेएवढं आफ्रिकन कासव. दिवसभर खायचं आणि कुणाचं ऐकायचं नाही, म्हणून हे नाव. हो लिहावं, तर थंडीत ते आपल्या हातून मरेल ही धास्ती. नाही लिहावं, तर अंगण ओकंबोकं होणार. जन्म ग्रंथालयात गेलेला माणूस अशा वेळी जे करतो तेच वेंडेलने केलं. तो वाचत बसला.

वाचून वाचून त्याने टूसॉनच्या आपल्या अंगणात कासवाचं घर उभारलं. प्लायवुडच्या दुहेरी भिंती, मधे फोम, आत तेलाचा हीटर, त्याला थर्मोस्टॅट, आणि ऊब निसटू नये म्हणून दाराला जाड काळ्या रबराचा पडदा. वेंडेलच्या स्वतःच्या घरातला हीटर गेल्या हिवाळ्यापासून बंद होता. तेवढ्याला सवड झाली नव्हती.

"वेंडेल, वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवणार का?" शेजारच्या योलांडा टापियांनी कुंपणापलीकडून विचारलं. "आमचं कासव नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधी बिळात जातं आणि वसंतात उठतं. ना वीज, ना कटकट."

"तुमचं इथल्या वाळवंटातलं. हे झोपत नाही, नुसतं गारठतं."

"आमच्या ह्यांच्यासारखंच की."

पाणी गोठवणारी पहिली रात्र यायची होती, त्या संध्याकाळी सिनेटर डुलत डुलत दाराशी गेला. पडद्याला नाक लावलं, वळला आणि मेस्किटच्या झाडाखाली जाऊन बसला. पुन्हा ढकलत आणला, पुन्हा तेच. उचलावा, तर आधी वेंडेलची कंबर गेली असती. अंधारून येत होतं. फिनिक्सच्या लोकांना तरी हे जमलं असतं, असं त्याला वाटलं.

शेवटी वेंडेल स्वतःच दारासमोर जमिनीवर पालथा पडला.

"तुम्हीही राहायला चाललात?" योलांडाबाई म्हणाल्या.

वेंडेलने मान उचलून दाराकडे पाहिलं. इतक्या खालून बघितल्यावर दार दिसतच नव्हतं. होती ती नुसती काळी भिंत. इतकी पुस्तकं वाचली, पण कासवाच्या उंचीवरून एकदाही बघितलं नव्हतं. तो उठला, न्हाणीघरातला पारदर्शक प्लास्टिकचा पडदा ओढून काढला, पट्ट्या कापून रबराच्या जागी टांगल्या आणि आतला दिवा लावला. सिनेटरने आत पाहिलं आणि आपल्याच कचेरीत शिरावं तसा शिरला. आभार मानायची त्याची पद्धत नव्हती.

सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा होता. सिनेटर पट्ट्यांतून मान काढून न्याहारीची वाट बघत होता. वेंडेलने दोन स्वेटरांवर ब्लँकेट ओढून पत्र लिहिलं: "फिनिक्सच्या लोकांना 'नाही' म्हणून कळव. सिनेटर इथेच राहील. तुला यायचं असेल तर उन्हाळ्यात ये. थंडीत इथे उबदार खोली एकच आहे, आणि ती भरलेली आहे."

मग विचार बदलायच्या आत तो कोपऱ्यापर्यंत चालत गेला आणि पाकीट पेटीत टाकलं.