दार उघडं असूनही

मित्रांनो, मी बैठकीच्या खोलीत खिडकीखाली ठेवलेला एक जुना लोखंडी पिंजरा आहे. पिंजऱ्याच्या जन्माला आल्यावर कुणाच्या मायेची अपेक्षा करू नये, एवढं मला कळतं. पण हल्ली माझ्या बाबतीत जे घडलं, त्याने मी पार बुचकळ्यात पडलो आहे. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

खिडक्यांच्या उरलेल्या गजांतून एका वेल्डरने मला जोडलं. मोजमाप त्याने डोळ्यांनीच घेतलं, म्हणून माझी एक बाजू अजून जरा वर आहे. माझ्यात पहिल्यांदा राहायला आल्या त्या कोंबड्या. सकाळी कडी निघायचा अवकाश, की त्या एकमेकींच्या पाठीवर पाय देऊन बाहेर पळायच्या. दार उघडलं की आतला बाहेर जातो, हे मी तेव्हाच मनाशी पक्कं केलं. माझं सगळं शहाणपण एवढंच होतं. पुढे कोंबड्या गेल्या. लोकांनी माझ्यात फुटक्या कुंड्या भरल्या आणि मी भिंतीकडेला गंजत पडलो.

तिथून मला एका फरशी बसवणाऱ्या कारागिराने उचललं. त्याच्या धाकट्या लेकीला ससा हवा होता. त्याने मला घासूनपुसून हिरवा रंग दिला. "शोभतोय हो हिरवा," असं त्याची बायको म्हणाली. ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे.

ससा आला तो पांढरा, एका कानाने काळा. धाकटीने रोज माझं दार उघडावं, समोर बसून हाका माराव्यात, आणि त्याने मात्र आत ठाण मांडून बसावं. बसल्या जागी सगळं हवं असतं म्हणून घरात त्याचं नाव पडलं साहेब. कधीकधी तो उंबऱ्यापर्यंत यायचा, पुढचा एक पाय बाहेर टेकवायचा आणि चटकन मागे घ्यायचा.

माझं डोकं चालेना. माझं दार करकरतं म्हणून तो घाबरत असेल का? कारागिराने बिजागरीला तेल घातलं, तरी साहेब हलेना. मग मला वाटलं, याचा माझ्यावर जीव जडला असणार. खोटं कशाला सांगू, दोन दिवस मी फुशारकीतच होतो. पण उंबऱ्याशी आला की त्याचं अंग थरथरायचं, ते माझ्या गजांना कळायचं. लळा लागलेलं कुणी असं थरथरतं का?

कारागिराने मात्र सगळं खापर माझ्यावर फोडलं. "पिंजऱ्याची सवय लागलीय त्याला," तो म्हणाला. "पिंजराच नसला की हिंडेल आपोआप. उद्या भंगारवाल्याला देऊन टाकू."

"अहो, घाई कशाला?" बायको म्हणाली. पण त्याने साहेबांना उचलून खोलीच्या मधोमध ठेवलं आणि मला गॅलरीत नेलं.

गॅलरीच्या दारातून मला सगळं दिसत होतं. साहेब उठायला गेले की त्यांचे पाय चारी दिशांना जायचे. शेवटी ते पोट टेकून तसेच बसून राहिले. समोर कोबीचं पान होतं, त्यालाही तोंड लावलं नाही. "सकाळपासून काही खाल्लं नाही हो याने. असं किती वेळ चालायचं?" बायको काळजीने म्हणाली. माझी तर भंगाराची भीतीसुद्धा पळाली. हे पोर उपाशी मरेल की काय, याच चिंतेने मला घेरलं.

तेवढ्यात धाकटी शाळेतून आली. दारात बूट काढले आणि मोज्यांनीच साहेबांकडे धावली. सर्रकन घसरली आणि धपकन त्यांच्या शेजारी बसली. रडायचं सोडून ती आधी स्वतःच्या पायांकडे बघत राहिली, मग वाकून साहेबांचा तळवा पाहिला.

"आई, याला मांजरासारख्या गाद्या नाहीत. खाली नुसते केस आहेत. याने जन्मापासून मोजेच घातलेत गं."

कारागिराने स्वतःच्या हातांनी बसवलेली ती फरशी. आरशासारखी चकचकीत. येणाऱ्याजाणाऱ्याला तो अभिमानाने दाखवायचा. त्याने तिच्यावरून हात फिरवला. "म्हणजे माझी फरशी वाईट?"

"फरशी छानच आहे हो," बायको म्हणाली. "तोंड बघायला."

धाकटीने मला ओढत पुन्हा खिडकीखाली आणलं. साहेबांना उचलून पानासकट आत ठेवलं; त्यांनी आधी ते पान संपवलं. मग तिने घरातली सगळी पायपुसणी गोळा केली आणि माझ्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत ओळीने मांडली. साहेबांनी एक पाय टेकवला. पाय घसरला नाही. दुसरा टेकवला. मग या पायपुसण्यावरून त्या पायपुसण्यावर उड्या मारत ते थेट स्वयंपाकघरात गेले. त्या दिवशी न्हाणीघरातून ओल्या पायांनी येणारा प्रत्येकजण ओरडत होता.

मी रिकामा झालो. कोंबड्या गेल्या तेव्हा मला काही वाटलं नव्हतं; या वेळी वाटलं. पण संध्याकाळी साहेब आपणहून परत आले. कुणी हाक मारली नव्हती, कुणी ढकललं नव्हतं. माझ्या उंच बाजूला टेकून, पाय लांब सोडून ते झोपले. बाहेर जायची वाट सापडल्यावर कुणी परत का येतं? फरशीचं कोडं सुटलं, हे काही सुटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी दाराशी थबकलं, तर त्याला भित्रा म्हणू नका, ओढू तर मुळीच नका. त्याच्या पायाखाली काय आहे, ते आधी हात लावून बघा.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. कारागिराने पक्कडीने माझं दार काढलं आणि तेवढंच त्याला दिलं. त्याने विचारलं, "आणि पिंजरा?"

"पिंजरा कुठेय इथे?" धाकटी म्हणाली. "ते साहेबांचं घर आहे."

तेव्हापासून मी विचारात पडलो आहे. सगळं आयुष्य पिंजरा म्हणून काढलं. आता या वयात घर व्हायचं, म्हणजे नेमकं काय करायचं असतं? तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर मला सांगा. पण जरा हळू बोला, साहेब झोपलेत.