पाच शाळांचा एक माईक

मी माईक बोलतोय. माईकचं कामच ते, त्यात काय नवल, असं तुम्ही म्हणाल. पण आजवर मी स्वतःचं एक अक्षर बोललेलो नाही. जे बोललो ते सगळं दुसऱ्यांचं, आणि त्यातलं निम्मं कुणी बोललं नसतं तरी चाललं असतं. म्हणून आज जरा माझं ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझी तार जोडली, डोक्यावर जाळी बसवली, मला तोंडाशी धरून एकदा बोलून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "ठीक आहे." इतक्या थोडक्यात माझ्यासमोर नंतर कुणी काही बोलल्याचं आठवत नाही.

मला विकत घेतलं एका शाळा मंडळाने. दोन डोंगरांमधून एक रस्ता वर जातो आणि जिथे संपतो तिथेच संपतो. त्या रस्त्यावर मंडळाच्या पाच शाळा. बाजाराजवळची मोठी, मधल्या दोन, नदीपलीकडची एक आणि अगदी शेवटची, वरची. पाचांत मिळून मुलं दोनशेच्या आसपास. गणिताचे सर खेळ शिकवायचे, कारकून सामन्यात पंच व्हायचे, आणि मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका नात्याने अध्यक्षांच्या वहिनी, त्यामुळे मंडळात कुणाचं कुणाशी बिनसलं की त्याचा पत्ता आधी स्वयंपाकघरात लागायचा. एवढ्या सगळ्यांना बस एक आणि माईकही एकच. तरी प्रत्येक शाळेचा कार्यक्रम नेमका त्याच शनिवारी.

माणसं माझ्याजवळ आली की त्यांना काय होतं ते मला अजून उमगलेलं नाही. आधी टकटक करतात. मग फुंकर मारतात. मग "हॅलो, हॅलो, येतोय का आवाज?" असं विचारतात. मागून शंभर जण "येतोय" म्हणतात, तरी पुन्हा विचारतात. त्यानंतर "मी फक्त दोन शब्द बोलणार आहे" असं सांगतात, आणि मुलं उन्हात उभी राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर होतात. एक निवृत्त पोस्टमन आहेत, विषय कुठलाही असो, ते उठायचेच. रोपं लावायची असोत की पळण्याची शर्यत असो, पोस्टमनकाका आपल्या सायकलपासून सुरुवात करायचे आणि सायकलपाशीच संपवायचे.

एका शाळेतून दुसरीकडे न्यायला मला लाकडी पेटीत घालून बसमध्ये ठेवत. बस रात्री वरच्या गावात, ड्रायव्हरच्या अंगणात उभी राहायची. तारा उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून ड्रायव्हर माझी पेटी घरात, कपाटावर ठेवायचा. तेच माझं घर झालं. घरात तिघं. ड्रायव्हर, त्याची म्हातारी आई, आणि बायको. बायको म्हणजे वरच्या शाळेतल्या बाई. वरच्या शाळेत शिक्षिका एकच, घंटा वाजवणारी तीच आणि पडलेल्या मुलाचा गुडघा धुणारीही तीच.

घर बरं होतं. त्याला कमी बोलायची सवय, तिला खडूने हात पांढरे करून घरी यायची. सकाळ-संध्याकाळ तो बस चालवायचा आणि मधल्या वेळात अध्यक्षांच्या लाकडाच्या वखारीत फळ्या उचलायचा. संध्याकाळी ती त्याच्या पाठीला तेल चोळायची आणि मुलांच्या गमती सांगायची. मी वरून ऐकायचो. बिनकामाचं, पण ऐकावंसं वाटायचं.

मग वरच्या भागातली दगडाची खाण बंद पडली. खाणकामगार बिऱ्हाडं उचलून गेले आणि वरच्या शाळेत अकरा मुलं उरली. मंडळाने विषय काढला की वरची शाळा बंद करावी, मुलांना बसने मोठ्या शाळेत आणावं.

आता अध्यक्षांनी हे आधी कुणाला विचारावं? बाईंना? छे. त्यांनी वखारीत ड्रायव्हरला गाठलं. "बस दिवसभर चालवशील का? फळ्या उचलायला नकोत मग." त्याची पाठ तेव्हा फारच धरली होती. तो "हो" म्हणून मोकळा झाला. घरी येऊन सांगेन म्हणाला असेल मनात, पण सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आलेल्या दूधवालीने ते बाईंना सांगितलं.

त्या संध्याकाळी ती त्याला एवढंच म्हणाली, "शाळा गेली त्याचं नंतर बघू. पण तुम्ही मला सांगितलं का नाही?"

तो म्हणाला, "सांगणार होतो."

बस्स. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. आणि दोन शहाण्या माणसांनी बोलणं बंद केलं की तिसऱ्याचा जीव जातो.

"आई, यांना विचारा, डबा भरू का?"

"आई, तिला सांग, पाणी तापलंय."

"आई, यांना सांगा, मला दिसतंय."

म्हातारीने काही दिवस सोसलं. मग एकदा ताट सरकवून म्हणाली, "मी काय माईक आहे? तो बघा कपाटावर पडलाय. त्याच्यातून बोला, म्हणजे मला तरी चैन पडेल."

माझ्या जन्मात कुणी माझी बाजू एवढी नीट समजून घेतली नव्हती.

सभा मोठ्या शाळेच्या दालनात झाली. वरच्या गावातली झाडून सगळी माणसं आली होती. विषय एकच होता, पण पहिला बराच वेळ दालनाचं छत कुठे गळतं यावर गेला. मग पुढच्या रांगेतल्या खुर्च्या कुणासाठी, यावर. मग पोस्टमनकाका उठले. सायकल निघाली. मी एक कर्कश शिट्टी मारली, आणि खरं सांगतो, मुद्दाम मारली नव्हती, कर्णा फार जवळ ठेवला होता. पण पोस्टमनकाका बसले, आणि सगळे माझ्याकडे बघून म्हणाले, "माईक खराब झालाय."

मग बाई आल्या. मला हातात घेतलं, टकटक नाही की फुंकर नाही. त्या म्हणाल्या, "मी शाळेबद्दल नंतर बोलते. आधी ड्रायव्हरना विचारायचंय."

दालनात खसखस पिकली. तो मागे दाराशी उभा होता. कुणीतरी त्याला ढकलत पुढे आणलं.

"वरून इथवर बसला किती वेळ लागतो?" तिने विचारलं आणि मला त्याच्यापुढे धरलं.

"पाऊण तास. थंडीत जास्त."

"सहा वर्षांची मुलं पाऊण तास बसमध्ये काय करतील?"

त्याला "बसतील" म्हणता आलं असतं. अध्यक्ष समोरच होते. तो म्हणाला, "झोपतील. वळणावर ओकतील. आत्ता मधल्या वाड्यांवरची मुलं इथे येताना ओकतात, यांचा रस्ता तर दुप्पट."

अध्यक्षांनी त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर तिथेच गप्प झाला असता. पण त्याने माझ्यावर हात ठेवला आणि तिच्याकडे बघत म्हणाला, "मला एक विचारू दे. तुझ्या चौथीत मुलं किती?"

"एक मुलगी."

"तिच्याशी खेळतं कोण?"

तेव्हा दूधवाली उभी राहिली. ती त्या मुलीची आई. तिला कुणी माईक दिला नाही, पण दालनात एवढी शांतता होती की गरजही नव्हती. ती म्हणाली, "बाई खेळतात तिच्याशी. दोरीवरच्या उड्यासुद्धा मारतात. बाईंसारख्या बाई मिळायच्या नाहीत. पण बाई दहा वर्षांच्या नाहीत ना."

बाईंनी मला हळूच टेबलावर ठेवलं आणि जागेवर जाऊन बसल्या.

हात वर झाले, मोजले गेले, वरची शाळा बंद झाली. त्याला फार वेळ लागला नाही. त्यापेक्षा जास्त वेळ नवा माईक कुठला घ्यायचा यावर लागला. बिनतारी घ्यावा, काळा घ्यावा की चंदेरी, तो आधी कुणाच्या शाळेत जाणार. अकरा मुलांची शाळा एका दमात मिटवली आणि माझ्या वारसाच्या रंगावरून दोन सदस्य तणतणत घरी गेले.

मला कारकुनाने भंगारात टाकायला काढलं. ड्रायव्हरने "असू दे" म्हणून बसमध्ये टाकलं.

पहिल्या दिवशी अकरा मुलं अंगणातूनच बसमध्ये चढली. बाईही चढल्या. त्यांची बदली मोठ्या शाळेत झाली होती. त्या अगदी मागच्या बाकावर बसल्या, ड्रायव्हरपासून जितकं लांब बसता येईल तितक्या. पहिल्याच वळणावर एकाने ओकायला सुरुवात केली, त्याचं बघून दुसऱ्याने. बाकीची झोपली. बाई पदर खोचून बस पुसत होत्या, आणि तो आरशातून बघत होता.

असं काही दिवस चाललं. मग एका रविवारी तो पेचकस घेऊन बसमध्ये बसला. बॅटरीवर चालणारा एक जुना स्पीकर त्याने टपाखाली बसवला, माझ्या तुटक्या तारेला चिकटपट्टी गुंडाळली आणि पुढच्या दांड्याला मला अडकवलं. तार अजूनही सैल आहे. खड्डा आला की मी मध्येच मुका होतो, पण त्याला काम चोख झाल्यासारखं वाटत होतं.

सोमवारी बाई चढल्या आणि थांबल्या.

"अहो, हे काय?"

मध्ये आई नव्हती. सरळ त्यालाच विचारलं.

"पाऊण तास आहे," तो म्हणाला. "रोज वाया जातो. तू बोलत जा त्यांच्याशी."

"वळणावर हसं होईल माझं."

"बाहेरचं दाखवत बोललीस तर त्यांना मळमळणारही नाही. पुस्तक नको."

मग बाईंनी मला दांड्यावरून काढून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "मुलांनो, खिडकीबाहेर बघा. पूल येईपर्यंत मला कोण सांगेल, नदी आज कुठल्या बाजूला जास्त खोल दिसतेय, आणि कशावरून?"

झालं. आता माझी काय अवस्था आहे विचारू नका. पाढे, कविता, नदी, ढग, कुणाच्या मांजरीला पिल्लं झाली, सगळं माझ्यातून. जाळी लाळेने भिजलेली. माझ्यावरून रोज मारामारी. मधल्या वाड्यांवरची मुलं चढली की तीही हात पुढे करतात. ओकणं कमी झालंय, थांबलेलं नाही, मुलं त्यासाठी पिशवी जवळ ठेवतात, तरी त्याचे शिंतोडे कुठवर उडतात ते मला माहीत आहे.

चौथीतली ती मुलगी सुरुवातीला बाईंच्या शेजारीच बसायची. हल्ली मधल्या थांब्यावर तिच्याच वर्गातल्या दोघी चढतात. परवा ती म्हणाली, "बाई, मी मागे बसू? त्या माझ्यासाठी जागा धरतात."

"बस की," बाई म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण नंतर त्यांना चालू कवितेची पुढची ओळ आठवेना. मुलं वाट बघत राहिली. ड्रायव्हर आरशात न बघता म्हणाला, "पुढे येऊन बस जरा. ऊन आहे इकडे." त्या पुढे जाऊन बसल्या. मी त्यांच्या मांडीवर चालूच राहिलो होतो, त्यामुळे पुढचं सगळं अख्ख्या बसने ऐकलं.

"पाठ कशी आहे?"

"बरी आहे."

"मला तेव्हाच सांगायचं होतंत."

"हो. चुकलंच माझं."

मागून मुली हसल्या, तेव्हा बाईंनी घाईघाईने माझं बटण दाबलं.

मी म्हातारा झालोय, तार कधीही तुटेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण परवा अध्यक्ष बसमधून खाली जाताना कारकुनाला सांगत होते, आता नदीपलीकडच्या शाळेचा विषय घ्यायचाय, तिथे नऊच मुलं उरलीत. तेव्हा मंडळातल्या सन्माननीय सदस्यांना माझी हात जोडून विनंती आहे. जे ठरवायचं ते खुशाल ठरवा, पण त्याआधी एकदा सकाळी नदीपलीकडून या बसमध्ये चढा आणि मागच्या बाकावर बसून मोठ्या शाळेपर्यंत या. भाषण करू नका. पिशवी लागली तर मुलांकडे मागा, त्यांच्याकडे असते.