पंचावन्न मिनिटांचा अर्धा कागद

मी एक जुना संगणक आहे, आणि मित्रांनो, आज माझे डोके पार तापले आहे. देवरीच्या बसस्थानकासमोर इंद्रकुमारचे ऑनलाइन सेंटर आहे, तिथल्या टेबलावर मी आठ वर्षांपासून बसून आहे. त्याआधी नागपूरच्या एका कचेरीत होतो. इथे आलो तेव्हा माझा काय थाट होता! सातबारा, दाखले, परीक्षेचे निकाल, सारे माझ्याकडूनच निघायचे. लोक म्हणायचे, "याले सगळं मालूम आहे." आता माझ्या कळांवरची अक्षरे पुसली आहेत आणि पंख्यात धूळ साचली आहे. त्याचे मला काही नाही. मला चीड येते ती अर्धवट वाचणाऱ्यांची.

गेल्या भाद्रपदात जंगलपट्टीतले झामसिंग आपल्या मुलीला, डिंपलला, घेऊन आले. तिला छत्तीसगडातल्या एका दूरच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. सोमवारी सकाळी दहाला हजर झाली नाही, तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. आणि नेमकी रविवारी त्यांच्या घरी नवाखानी होती. नव्या धानाचा भात आधी देवाला दाखवायचा, मग संध्याकाळी साऱ्या घराने एकत्र खायचा. रविवारची रेल्वे धरली तर तो भात चुकणार होता.

इंद्रकुमारने मला विचारले, गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळापासून तिकडच्या लहान विमानतळापर्यंत किती? मी सांगितले, तीनशे नव्वद किलोमीटर, विमानाने पंचावन्न मिनिटे. अगदी खाली स्पष्ट लिहिलेसुद्धा, "ही वेळ फक्त अंतरावरून काढली आहे. या मार्गावर विमान नाही." पण या गृहस्थाची खोड अशी, की कागद वाचवायला तो अर्ध्याच पानावर छापतो. माझी शेवटची ओळ राहूनच गेली.

"सोमवारी सकाळी विमानानं निंगा ना, काका. रविवारी या, तिकीट काढून देतो," तो ऐटीत म्हणाला. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

रविवारी दोन वाजता बापलेक आले. घरी भात अजून शिजायचा होता. इंद्रकुमारने तिकीट शोधले, पुन्हा शोधले, आणि मग कुठे माझे पान खालपर्यंत सरकवले. त्याचा चेहरा उतरला.

"मंग हे पंचावन्न मिनिटं कायचे होत?" झामसिंगांनी विचारले. "खरं सांगतलं असतं तं आमी नवाखानी शनवारीच केली असती ना जी."

इंद्रकुमारने शटर ओढले आणि डिंपलला मोटारसायकलवर बसवून थेट गोंदिया गाठले. रेल्वे सुटता सुटता ती चढली. जवळ फक्त कागदपत्रांची पिशवी होती.

मंगळवारी झामसिंग आले आणि तो अर्धा कागद त्यांनी टेबलावर ठेवला.

"पोरगी पोचली. दहाले पाच मिनिटं कमी होते. हे तुमचे पंचावन्न मिनिटं तुमीच ठेवा."

"अन् भात?" इंद्रकुमारने हळूच विचारले.

"तिच्या मायनं तिचा वाटा वाळवून ठेवला आहे."

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाही तरी चालेल. पण मला काही विचाराल, तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मी आजवर हजारो अंतरे बिनचूक सांगितली. डिंपलच्या वाट्याचा मूठभर भात मात्र अजून घरीच तिची वाट पाहतो आहे.